कोऱ्या कागदावरची सही

कवीची सही फारशी कुणाला लागत नाही. एखाद्या कार्यक्रमात दोन पुस्तकं खपली तर दोन सह्या होतात. एरवी सही करायची ती बँकेत आणि सोसायटीच्या मीटिंगला. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत महाग सही मी एका कोऱ्या स्टॅम्पपेपरवर केली. आज त्या सहीबद्दलच बोलणार आहे.

मी नालासोपाऱ्यात राहतो. जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आमच्या शेजाऱ्याची रिक्षा दोन दिवस पाण्यात उभी होती. इंजिन गेलं. घरातलं धान्य गेलं, गाद्या गेल्या. बँकेत जावं तर पगाराची स्लिप नाही, घराचे धड कागद नाहीत. मग कुणीतरी एकाचं नाव सुचवलं. सकाळी मागा, संध्याकाळी पैसे हातात. चाळीस हजार, शेकडा दहा.

'मास्तर, साक्षीला चला, तुम्ही शिकलेले आहात,' शेजारी म्हणाला. मी मास्तर नाही, पण बी.ए. झालेल्या, कविता करणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. आमच्या घरात व्याज हराम. घेणंही आणि देणंही. त्या व्यवहाराला साक्ष राहणंही बरं मानत नाहीत. हे सगळं मला ठाऊक होतं. पण शेजारची चूल पेटत नसताना पाठ कशी फिरवायची? गेलो. त्याने कोऱ्या कागदावर सही केली, त्याच्याखाली मी केली. 'रक्कम मागाहून भरू,' असं आम्हाला सांगण्यात आलं.

माझ्या शिक्षणाची खरी गंमत पुढेच आहे. शेकडा दहा म्हणजे वर्षाला, असं मी धरून चाललो होतो. ते महिन्याला होतं. दरमहा चार हजार. दहा महिन्यांत शेजाऱ्याने चाळीस हजार रुपये नुसतं व्याज भरलं. मुद्दल होतं तिथेच होतं.

तेव्हा कुठे मी एका वकील मित्राला विचारलं. त्याने समजावलं ते असं. आपल्या राज्यात सावकारीला बंदी नाही, पण परवाना लागतो. पूर्वी 1946 चा मुंबईचा कायदा होता, आता 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आहे. परवाना सहकार खात्यामार्फत मिळतो. तालुक्याला सहायक निबंधक असतो, तोच सावकारांचाही निबंधक. परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं. व्याजाची कमाल मर्यादा सरकारने 2014 मध्ये ठरवून दिली. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12. इतरांना तारणावर 15, विनातारण 18. शिवाय दामदुपटीची जुनी अट आहेच. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. पैसे घेतले की पावती द्यायची. कोऱ्या कागदावर सही घेणं हाही गुन्हा. आणि परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी हिशेब मांडला. अठरा टक्क्यांनी दहा महिन्यांचे सहा हजार होतात. त्याने भरले होते चाळीस हजार.

पावती एकही नव्हती. पण वहिनींनी मुलीच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येक हप्ता तारखेसह लिहून ठेवला होता. मी त्या वहीवरून अर्ज तयार केला. सुंदर अक्षरात लिहिला. दुसऱ्या दिवशी शेजारी आला आणि म्हणाला, 'मास्तर, अर्ज राहू द्या. आम्हाला इथंच राहायचंय.' त्याने रिक्षा विकली आणि मुद्दल फेडलं. तो कोरा कागद मात्र परत मिळाला नाही. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. अर्ज दिला नाही याची मला खंत आहे. पण त्याच्या जागी मी असतो तर दिला असता का, हे छातीठोकपणे सांगवत नाही.

पुढे एकदा नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखाबद्दल वाचलं आणि चकित झालो. नहपान राजाचा जावई उषवदात याचा तो लेख, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात आमच्या सोपाऱ्याचंही नाव येतं. उषवदाताने लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर महिना शेकडा पाऊण, असं व्याज. वर्षाचे किती झाले? बारा आणि नऊ. आज शेतकऱ्यासाठी ठरलेले आकडेही हेच आहेत! अर्थात हा योगायोग. पण त्या लेखातलं पुढचं वाक्य योगायोगाचं नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला आणि फलकावर नोंदवला, असं त्यात कोरलं आहे. दर किती, पैसे कुणाकडे, व्याज कशासाठी, हे चारचौघांसमोर.

परवान्याचा खरा अर्थ मला तिथे कळला. व्यवहार अंधारात राहू नये, दोन्ही बाजूंना कागद दिसावा, यासाठी तो आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले, तो वणवा गावोगाव पसरला, तेव्हा त्यांनी हुडकून हुडकून जाळली ती सावकारांकडची कर्जखतं. कागद एकाच्याच पेटीत राहिला की तो दुसऱ्याच्या गळ्याचा फास होतो. 1879 मध्ये सरकारला त्यावर कायदा करावा लागला.

आज सावकार मोबाईलमध्येही आला आहे. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या राज्याच्या सावकारी कायद्याखाली येत नाहीत. त्यांच्यावर नियंत्रण रिझर्व्ह बँकेचं. ॲपवरच्या कर्जासाठीही नियम आहेत. वार्षिक दर आणि सगळे खर्च आधी लेखी सांगायचे, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात द्यायचे, फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावायचा नाही. नोंदलेल्या संस्थांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेने जुलै 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर दिली आहे. यादीत नाव नसेल तर दोनदा विचार करा.

गरज आली की माणूस कर्ज घेतोच, त्याला मी कोण अडवणार? पण पैसे घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. परवाना दाखवता का? आणि दर महिन्याचा की वर्षाचा? विचारल्यावर समोरचा चिडला, तर त्यातच उत्तर मिळालं असं समजा. पावती मिळो न मिळो, वहिनींसारखी एक वही ठेवा.

माझी सही अजून कुठेतरी एका कोऱ्या कागदावर आहे. त्या कागदावर कुणी काय लिहिलं असेल, मला ठाऊक नाही. तुमची सही अशी जाऊ देऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)