साठीनंतरची बुद्धी



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे आजही बिनदिक्कत वापरली जाते. आजोबा चष्मा कुठे ठेवला ते विसरले की ती निघते; आजीने बँकेतल्या कारकुनाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की निघते. म्हणीशी काय वाद घालायचा, असे कोणी म्हणेल. पण हीच समजूत मानसशास्त्राने विसाव्या शतकात कित्येक वर्षे आकडेवारीनिशी मांडली होती, आणि ती आकडेवारी खोटी नव्हती. तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. वयाच्या खात्यावर आपण बुद्धीचा जो ऱ्हास टाकतो, त्यातला बराच भाग पिढीला मिळालेल्या वा न मिळालेल्या शिक्षणाचा आणि काही वेळा न ओळखलेल्या आजाराचा असतो, हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यात आलेल्या सुमारे 17 लाख जणांची बुद्धिमापन चाचणी घेतली. रॉबर्ट यर्क्स यांनी 1921 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात वयाने मोठ्या अधिकाऱ्यांचे गुण तरुण अधिकाऱ्यांपेक्षा कमी भरले होते. पुढे जोन्स आणि कॉनरॅड या संशोधकांनी हीच चाचणी अमेरिकेतल्याच न्यू इंग्लंड भागातल्या 19 खेड्यांत नेली. गावकरी जमावेत म्हणून फुकट सिनेमा दाखवला आणि 10 ते 60 वर्षांच्या 1,191 जणांची परीक्षा घेतली. 1933 साली त्यांनी निष्कर्ष मांडला की विशीपर्यंत बुद्धी चढते आणि मग हळूहळू उतरत जाते. पाठ्यपुस्तकांत हा आलेख स्थिरावला. शब्दसंग्रह आणि सामान्य माहिती या दोन भागांत मात्र वय वाढूनही उतार नव्हता. हे त्याच अभ्यासात नोंदलेले होते, पण त्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

दोष मोजण्याच्या पद्धतीत होता. एकाच वर्षी वीस वर्षांचा आणि साठ वर्षांचा माणूस शेजारी बसवून आपण वयाची तुलना करतो असे वाटते. प्रत्यक्षात आपण दोन वेगळ्या काळांत वाढलेल्या माणसांची तुलना करत असतो. आजोबा, वडील आणि नातू यांची उंची एकाच दिवशी मोजावी आणि माणूस वयाबरोबर हातभर खुजा होतो असे म्हणावे, तसलाच हा प्रकार. 1933 मधला साठ वर्षांचा शेतकरी 1880 च्या आसपास शाळेत गेला होता, तोही थोडीच वर्षे. त्याच्या नातवाला हायस्कूल मिळाले होते. घड्याळ लावून घेतलेल्या कागदावरच्या चाचणीत नातू पुढे गेला यात वयाचा वाटा किती आणि शाळेचा किती, हे त्या एका दिवसाच्या मोजणीतून वेगळे काढताच येत नाही.

वेगळे काढायचे तर तोच माणूस पुन्हा मोजावा लागतो. विल्यम ओवेन्स यांना ती संधी मिळाली. आयोवातल्या एका कॉलेजात 1919 साली प्रवेश घेतलेल्या मुलांनी सोडवलेले तेच सैनिकी चाचणीचे पेपर उपलब्ध होते. त्यांतल्या 127 जणांना ओवेन्स यांनी तीस वर्षांनी शोधून काढले आणि तीच चाचणी पुन्हा दिली. पन्नाशीला टेकलेल्या या माणसांचे एकूण गुण कमी होण्याऐवजी वाढले होते. जवळपास त्याच सुमारास, 1956 साली, सिएटलमध्ये वॉर्नर शाय यांनी आपल्या पीएचडीसाठी 500 जणांच्या चाचण्या घेतल्या आणि पुढे दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलावले. दर फेरीला नव्या माणसांची भरही घातली. ते काम अर्धशतकाहून अधिक काळ चालले. एका दिवसाच्या तुलनेत दिसणारा लवकरचा उतार त्याच माणसांच्या पाठपुराव्यात बराचसा विरघळला. शब्दज्ञान पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहिले. बहुतेक क्षमतांत नजरेत भरणारी घट साठीनंतर आली, तीही सगळ्यांत एकदम नाही आणि सगळ्या माणसांत सारखी नाही.

यावर एक मुद्देसूद आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तीच चाचणी पुन्हा दिली की सराव होतो. शिवाय दर फेरीला आजारी आणि कमकुवत माणसे गळतात, धडधाकट उरतात. म्हणजे पाठपुराव्याचा आलेख वाजवीपेक्षा उजळ दिसणार. मानसशास्त्रज्ञ टिमथी सॉल्टहाऊस यांनी हा आक्षेप नेटाने लावून धरला आणि 2009 साली लिहिले की काही क्षमतांची घट विशी-तिशीतच सुरू होते. ही बाजू वेगाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे. दोन चिन्हे सारखी आहेत की नाहीत हे झटपट ओळखणे, दिवा लागताच बटण दाबणे, ही कामे पंचविशीनंतर सावकाश मंदावत जातात. पण गळतीचा आणि सरावाचा हिशेब शाय यांनीही मांडला होता. दर फेरीला नव्याने घेतलेली माणसे त्यासाठीच होती. त्या दुरुस्तीनंतरही पिढ्यापिढ्यांतला फरक उरतोच. तो फरक नेहमी नव्यांच्या बाजूनेच पडतो असेही नाही. तर्काच्या चाचणीत पुढच्या पिढ्या वर गेल्या, आकडेमोडीत मात्र तशा गेल्या नाहीत.

आणि वेग कमी झाला म्हणजे काम बिघडते का? याचे उत्तर सॉल्टहाऊस यांच्याच 1984 सालच्या प्रयोगात सापडते. त्यांनी 19 ते 72 वर्षांच्या टंकलेखकांना कामाला बसवले. बोटाच्या नुसत्या चपळाईत वयस्कर मंडळी मागे होती. मजकूर टंकण्याच्या वेगात मात्र मागे नव्हती. हे कसे, ते शोधण्यासाठी त्यांनी पडद्यावर पुढची किती अक्षरे दिसावीत यावर मर्यादा घातली. एकेका अक्षराने पुढचे दिसणे कमी केले तसा वयस्कर टंकलेखकांचा वेग तरुणांपेक्षा आधी ढासळला. म्हणजे बोट या अक्षरावर असताना त्यांची नजर तरुणांपेक्षा जास्त अक्षरे पुढे गेलेली असे, आणि बोटाचा मंदपणा ती भरून काढत असे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. वर्षानुवर्षांच्या कामातून ते अंगवळणी पडले होते. पॉल बाल्टीस यांनी या प्रकाराला सिद्धान्ताचे रूप दिले आणि पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण प्रसिद्ध केले: उतारवयात ते मोजक्याच रचना वाजवत, त्यांचा जास्त रियाझ करत, आणि द्रुत भाग येण्याआधी लय मुद्दाम थोडी धिमी करत, म्हणजे पुढचा भाग अधिक द्रुत वाटे. रुबिनस्टाइन अपवाद होते असे म्हणता येईल. म्हणूनच मला टंकलेखकांचा दाखला मोलाचा वाटतो. ती रोज कचेरीत जाणारी माणसे होती.

आपल्याकडे तर पिढ्यांतला फरक अमेरिकेपेक्षा कितीतरी खोल आहे. 1951 च्या जनगणनेत भारतातल्या शंभरांतल्या जेमतेम नऊ स्त्रिया साक्षर होत्या. त्या काळात शाळेच्या वयाची असलेली मुलगी आज ऐंशीच्या पुढे आहे. तिला कागदावर आकृती काढायला सांगणे किंवा शंभरातून सात-सात वजा करायला लावणे, आणि मग तिचे गुण नातीच्या गुणांशी ताडणे, यातून तिच्या वयाविषयी फार थोडे कळते. तिला शाळा मिळाली नाही हे मात्र पुरेपूर कळते. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांच्या पाहणीची पहिली फेरी केली आणि त्याच माणसांकडे पुन्हा जाण्याची योजना आखली. अशा कामाला लागणारा पैसा आणि धीर सरकारने टिकवला पाहिजे असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते, कारण सिएटलचे आकडे साताऱ्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

कोणी विचारेल, मग स्मृतिभ्रंश काय खोटा? मुळीच नाही. याच पाहणीला जोडलेल्या अभ्यासावरून भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना, म्हणजे 88 लाख माणसांना, तो असल्याचा अंदाज आहे. पण तो मेंदूचा आजार आहे, आणि उरलेल्या त्र्याण्णवांना तो नाही. म्हणीची खरी हानी इथे होते. साठी उलटलेला माणूस दोन-तीन दिवसांत अचानक बरळू लागला, घरातल्यांना ओळखेना, रात्री उठून बसू लागला, की 'वय झाले' म्हणून घर थांबते. असा अचानक गोंधळ अनेकदा लघवीच्या संसर्गाने, रक्तातले सोडियम उतरल्याने किंवा नव्या औषधाने होतो, आणि वेळेत दवाखान्यात नेले तर पुष्कळदा उतरतो. महिनोन्‌महिने वाढत गेलेल्या विसराळूपणामागेही थायरॉइड, बी-12 ची कमतरता किंवा नैराश्य असू शकते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला प्रश्न समजलाच नसतो, आणि त्याचे चुकलेले उत्तर आपण त्याच्या बुद्धीच्या नावे मांडतो. कानाची तपासणी तालुक्याच्या गावीही होऊ शकते, सोडियम आणि थायरॉइड साध्या रक्ततपासणीत कळतात, आणि अचानक झालेल्या गोंधळात रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.