दिवसाची बाकी



मी बदलापूरला राहते आणि दादरच्या एका बँकेत काउंटरवर बसते. माझ्या मुलाला चौदावा महिना चाललाय. तेव्हा आजचं बोलणं तज्ज्ञाचं नाही. रात्री दोनला उठून सकाळी लोकलला लटकणाऱ्या बाईचं आहे, एवढं आधीच सांगून टाकते.

पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. २०१७ च्या आधी ती १२ आठवड्यांचीच होती, त्यामुळे कुरकुर करायला मला जीभ रेटत नाही. पण त्यातले काही आठवडे बाळ यायच्या आधीच खर्ची पडतात, आणि आई कामावर निघते तेव्हा बाळ असतं पाच-सहा महिन्यांचं. नेमकं तेव्हाच उष्टावण होतं, हिरड्या शिवशिवतात, पालथं पडून पुढे सरकायची खटपट सुरू होते, आणि आई दिसत नाही म्हणजे ती कुठेतरी गेलीय, हेही कळायला लागतं. सगळी बिलं एकाच तारखेला! रात्री एकदा उठणारं पोर चारदा उठतं आणि घरात चौकशी बसते, की चुकलं कुठे?

आमच्याकडे सासूबाई म्हणाल्या, “दगदगीने दूध आटलं असेल गं तुझं. रात्री जरा घट्ट खिमट घाल, म्हणजे झोपेल.” शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. बँकेतली मैत्रीण म्हणाली, “तीन रात्री रडू दे, मोडते सवय.” खिमट घातलं, दृष्ट काढली. रडू देणं मात्र साडेचार मिनिटांत आटोपलं, कारण खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवली.

शेवटी मुलाच्या डॉक्टरीणबाईंनी भलताच प्रश्न विचारला. म्हणाल्या, “तुम्ही घरी नसताना तो किती पितो?” मी फ्रिजमधल्या वाट्या मोजल्या. सकाळी दोन भरून ठेवलेल्या, संध्याकाळी दीड तशीच. दिवसभर साहेब आजीच्या हातून बोंडल्याने चार घोट घ्यायचे, तोंड फिरवायचे आणि माझी वाट बघायचे. बाई हसल्या. “मग तो बिघडलेला नाहीये. दिवसाची बाकी रात्री वसूल करतोय.”

बँकेतल्या माणसाला याहून सोपं करून कोण सांगणार! आई दिवसभर लांब असली की पुष्कळ बाळं पिणं रात्रीवर ढकलतात. दूध तयार करणारं संप्रेरकही आईच्या अंगात रात्रीच जास्त असतं, म्हणजे दुकान उघडं असतं तेव्हाच गिऱ्हाईक येतं. शिवाय बाळाच्या झोपेचा एक फेरा तासाभराचाच असतो. फेरा संपताना झोप पातळ होते, आणि पदराखाली झोपलेलं पोर पदरच शोधतं.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि ती गवळण तान्ह्यासाठी रात्रीची कडा उतरून गेली. गोष्ट तिथे संपते. मला हल्ली पुढची रात्र दिसते. संध्याकाळपासून ताटकळलेलं ते पोर त्या रात्री किती वेळा उठलं असेल, आणि सकाळी पुन्हा दुधाचा हंडा! बुरूज झाला तो कडा उतरण्याचा. जागरणाचा बुरूज कुणी बांधत नाही.

आणि जागरण टाळायचे जुने उपाय फार भयंकर होते. मुंबईच्या गिरणगावात बाया पोरांना अफूची बाळागोळी द्यायच्या. पोर गुंगीत पडायचं, आई साच्यावर जायची. त्या बायांना नावं ठेवू नका, त्यांना रजाच नव्हती. मुंबई प्रांतात प्रसूतीच्या लाभाचा कायदा झाला १९२९ साली. त्याच्या आदल्या वर्षी विधिमंडळात डॉक्टर आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. बाळागोळी गेली, पण झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणारी घरं आजही आहेत. ते करू नका.

मग आम्ही काय केलं? पहिलं म्हणजे घरी आल्यावर हातपाय धुवून थेट बाळाला घ्यायचं. चहा नंतर, कुकर नंतर, फोन तर त्याहून नंतर. संध्याकाळी दोनदा पोटभर पाजलं की रात्रीची वसुली थोडी सौम्य होते. माझी चारची तीनवर आली, तीनची दोनवर. शून्यावर आली असं सांगितलं तर ते खोटं होईल.

दुसरं, रुजू व्हायचं तर सोमवारी होऊ नका, गुरुवारी व्हा. दोन दिवस काढले की सुट्टी समोर दिसते. मी सोमवारी रुजू झाले, आणि बुधवारी एका आजींना पासबुकाऐवजी माझा डबा परत केला.

दूध काढायला माझ्या तेव्हाच्या शाखेत जागा नव्हती. जुन्या व्हाउचरांच्या खोलीत, दाराला स्टूल लावून मी ते केलंय. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, असं कायदा सांगतो. विचारायला लाजू नका, मी लाजले होते. काढलेलं दूध बाहेर चारेक तास टिकतं म्हणतात, पण ते मुंबईच्या मे महिन्यातलं नव्हे. लगेच बर्फाच्या पिशवीत ठेवा. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं.

आणखी एक सांगते, यात गंमत नाही. डोळ्यांवर झापड असताना सोफ्यावर किंवा खुर्चीत बसून पाजू नका. तिथे आईला झोप लागली तर बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळाला पाठीवर, सपाट गादीवर झोपवा. मोहरीची उशी प्रेमाने आली असेल तरी पहिलं वर्षभर कपाटात राहू दे. आणि बाळ झोपलंय तरीही तुम्हाला झोप येत नाही, सारखं रडू येतं, असं होत असेल, तर ते थकव्यावर ढकलू नका. डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर फिरवा.

राहिला नवरा. “मला ऐकूच आलं नाही,” हे वाक्य किती घरांत रोज सकाळी उच्चारलं जात असेल! आमच्याकडे उपाय साधा झाला. सपाट गादीचा पाळणा त्याच्या बाजूला ठेवला आणि दोरी त्याच्या पायाला. दोनपर्यंत मी, दोननंतर तो. माझ्या पाळीत पदर, त्याच्या पाळीत बोंडलं. पहिला आठवडा मुलाने ते मान्य केलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. माझी पाळी नसताना मी डोळे मिटून जागीच असायची.

अशीच एक रात्र. अंगाईतली एकही ओळ त्याला पाठ नाही. अंधारात त्याचा आवाज आला, हुबेहूब रेल्वेतल्या बाईसारखा. “पुढील स्टेशन, अंबरनाथ.” दोरीचा एक झोका. “पुढील स्टेशन, उल्हासनगर.” विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली. मुलगा गप्प झाला होता.

हल्ली साधारण दिव्याला झोपतो. दाढ येत होती तेव्हा दादरला जाऊन परतीची गाडी पकडायला लागायची.