सभ्य भाषेत अर्ज करा
(पुलगाव येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



संसद आपल्याशी बोलते. टोमणा नाही मारत. 15 सप्टेंबर 2021 ला लोकसभा आणि राज्यसभेची दोन चॅनेलं एक करून संसद टीव्ही सुरू झाला. मोबाइलवर फुकट दिसतो. सभागृहातल्या भाषणांना अनेक भाषांचे दुभाषे आहेत, त्यात मराठीही आहे. दिल्लीचा आवाज पुलगावच्या झोपडीत येतो, मान्य. माझा सवाल उलटा आहे. झोपडीचा आवाज तिकडं कसा जातो?

माझ्या बहिणीची भारत सरकारची शिष्यवृत्ती अडकली. फी बाकी म्हणून कॉलेजनं तिची मार्कशीट दाबून धरली. ही योजना 1944 ची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते तेव्हाची. माय म्हणाली, "काऊन रे, तुमी एवढे शिकले, मंग वरतं लिवून टाका ना."

लिहायला बसलो. लोकसभेकडं कुणीही नागरिक याचिका करू शकतो. एकट्या बहिणीचं गाऱ्हाणं नको, सगळ्या पोरांची शिष्यवृत्ती हा सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडायचा. मग नियम वाचले. भाषा आदराची, सभ्य, संयमी पाहिजे. सोबत दुसरा कागद जोडायचा नाही. नमुन्यात आपण नम्र अर्जदार, आणि शेवटी कर्तव्य म्हणून सदैव प्रार्थना करत राहणार! साहेब गेला, त्याचा मायना राहिला.

आणि याचिका हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठीत लिहिली तर खाली भाषांतर जोडा, त्यावर सही करा. निरक्षराचा अंगठा चालतो बरं का! अंगठा चालतो, पण अंगठेवालीची भाषा एकटी चालत नाही. जे वाचता येत नाही त्यावर माझ्या मायनं अंगठा उठवायचा. सावकाराच्या कागदावर आपल्या आज्यानं दुसरं काय केलं होतं?

कुणी म्हणेल, हिंदी शिका की. वर्ध्यातच म्हणेल. इथं राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 पासून आहे, 1997 पासून हिंदीचं केंद्रीय विद्यापीठ आहे. हिंदीशी माझं वैर नाही, सिनेमे मीही बघतो. पण संविधानाचं कलम 350 सांगतं, गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याकडं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो. तहसीलदाराला मराठी चालते आणि लोकसभेला भाषांतर लागतं?

25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं, सनदशीर मार्ग उघडे असताना दुसरे मार्ग सोडा. मी तो शब्द पाळायला तयार आहे. पण मार्ग उघडा म्हणजे मायसाठी उघडा. सभागृहाचं बोलणं आमच्यापर्यंत आणायला इतके दुभाषे मिळतात, तर आमचा कागद वाचायला एक मराठी माणूस का मिळत नाही?

येत्या रविवारी विहारात बसू. याचिका मराठीत लिहू, वस्तीत मोठ्यानं वाचू, मगच सह्या आणि अंगठे. भाषांतर खाली जोडू, नियम मोडायचा नाही. पण पहिली मागणी भाषेचीच, शिष्यवृत्ती दुसरी. ज्यांच्या मार्कशीट अडकल्या त्यांनी यावं, आयांना घेऊन यावं. स्टॅम्पपॅड मी आणतो.