वय, वैमानिक आणि व्यवहार
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय विद्यार्थ्यांचा आहे, तसाच त्यांच्या थोरल्या भावांचा आणि मामा-चाचांचाही आहे. नोकरीत स्थिरावलेला, पस्तिशीकडे झुकलेला माणूस म्हणतो, "मला वैमानिक व्हायचे आहे." घरात कोणी हसते, कोणी रागावते. हसण्या-रागावण्याआधी आपण हिशेब मांडावा, एवढेच माझे सांगणे आहे.

नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरी अब्बास इब्न फिरनास हा विद्वान होऊन गेला. काव्य, संगीत, खगोलविद्या, काच तयार करण्याची कला यांत त्याचे आयुष्य गेले. सतराव्या शतकातील इतिहासकार अल्-मक्करी लिहितो की, त्याने अंगाला पिसे लावली, पंख बांधले आणि हवेत झेप घेतली. काही अंतर तो गेलाही. पण उतरताना पाठीला मार बसला, कारण पक्ष्याला उतरताना शेपटी लागते हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. परंपरेनुसार त्या वेळी तो साठीच्या पुढे होता. चंद्रावरील एका विवराला आज त्याचे नाव आहे. उडण्यास त्याचे वय आड आले नाही. नडले ते उतरण्याचा विचार न केल्यामुळे.

आता आपल्या काळाकडे येऊ. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १८ आहे. परवाना मिळविण्यास कमाल वयाची अट नाही. मात्र प्रवासी विमान ६५ व्या वर्षापर्यंतच चालविता येते. म्हणजे चाळिशीत परवाना मिळविणाऱ्याच्या हाती कायद्याने पंचवीस वर्षे उरतात. परंतु विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणार्थी योजनांत वयाची मर्यादा असते व ती बहुधा तिशीच्या आसपास संपते. कायदा दार उघडे ठेवतो. नोकरी देणारा ठेवीलच असे नाही.

म्हणून पावले क्रमाने टाकावीत. पहिले पाऊल वैद्यकीय तपासणीचे. आधी द्वितीय आणि मग प्रथम श्रेणीची तपासणी करून घ्यावी. चष्मा असला म्हणजे माणूस बाद होतो असे नाही. पण रंग ओळखण्यातील दोष किंवा हृदयाचा विकार वाट अडवू शकतो. हे शुल्क भरण्याआधी कळलेले बरे. दुसरे पाऊल अभ्यासाचे. बारावीला भौतिकशास्त्र व गणित नसलेले अनेक जण मुक्त विद्यालयातून हे विषय पुरे करतात. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमानविषयक नियम व तांत्रिक विषय यांचे पेपर नोकरी सांभाळून देता येतात. मन खरोखर रमते की केवळ गणवेशाचे आकर्षण आहे, हे येथेच कळते.

आपल्या कोकणातील अनेक घरांत जहाजावर आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांना हा अभ्यास अगदीच परका वाटणार नाही. नॉट, नॉटिकल मैल, होकायंत्र, कॅप्टन हे सारे विमानाने जहाजाकडूनच घेतले. समुद्राच्या प्रवाहाने जहाज वाहवते, तसे वाऱ्याने विमान वाहवते.

तिसरे पाऊल उड्डाणाचे आणि पैशाचे. परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. गोंदिया, बारामती, रायबरेलीजवळील फुरसतगंज येथे ते शिकता येते. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि मोठ्या जेट विमानाचे खास प्रशिक्षण निराळे. एवढे करून नोकरी लगेच मिळेल याची हमी नाही. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. अनुभवी वैमानिकही घरी बसले. विमान कंपनीत ज्येष्ठता वयावर नव्हे, रुजू झालेल्या तारखेवर ठरते. आपल्याहून लहान कॅप्टनच्या शेजारी बसून शिकण्याची तयारी हवी.

म्हणून माझी विनंती अशी की, राहते घर, बहिणीच्या लग्नाची पुंजी किंवा मुलांच्या शिक्षणाचा पैसा या कामी लावू नये. नोकरी न मिळता दोन वर्षे गेली तर चूल कशी पेटेल, याचे उत्तर कागदावर लिहावे. ते लिहिता आले नाही, तर अजून वेळ आलेली नाही असे समजावे. ज्याला उडण्याचा आनंदच हवा आहे, त्याला खासगी वैमानिकाचा परवाना आहे. त्यास किमान ४० तास पुरतात. त्यावर पगार मिळविता येत नाही, पण हौस भागते आणि घरही सुरक्षित राहते.

पालकहो, घरातला कोणी मोठ्या वयात पुन्हा पुस्तक उघडत असेल तर त्याची थट्टा करू नका. त्याच्याकडे हिशेब मागा. विद्यार्थी मित्रांनो, भौतिकशास्त्र आणि गणित आजच सोडू नका. पंधरा वर्षांनी मन कोठे ओढ घेईल ते कोणी सांगावे! आज मन लावून केलेला अभ्यास तेव्हाचे दार उघडे ठेवील.

अल्लाह आपल्याला उमेद देवो, आणि उमेदीबरोबर विवेकही देवो. आमीन.