जहाजात कोण होते?



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने शिकविले. तेव्हा पंडिताच्या व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नये.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून डिस्ने कंपनीने १९५४ साली ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हा चित्रपट काढला. जेम्स मेसन त्यात पाणबुडीचा कप्तान नेमो झाला आहे, आणि कर्क डग्लस नेड लँड हा भालाईत खलाशी. मुले तो पाहतात राक्षसी स्क्विडच्या झुंजीसाठी. मी अडलो दुसरीकडेच.

एका बेटावर कैदी फटके खात पाठीवरून गोणी वाहताहेत. स्फोटकांचा कच्चा माल जहाजात भरला जात आहे. नेमो एके काळी तिथलाच कैदी. त्याची बायको आणि मूल छळून मारलेले. तो ते जहाज बुडवितो. आपणही मनात टाळी वाजवितो. पण त्या जहाजावर पोटासाठी राबणारे खलाशीही होतेच की!

एका लांबलेल्या संपात आमची काही पोरे रात्री गोदाम पेटवायला निघाली होती. त्यांचा राग खोटा नव्हता. घरी चुली थंड होत्या. मी एवढेच विचारले, “आत पहाऱ्याला कोण आहे?” आमच्याच चाळीतला म्हातारा होता. पोरे परतली. संप आम्ही हरलो. त्याबद्दल काही जण आजही मला बोल लावतात, आणि मी ते ऐकून घेतो.

व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला, असे उघड केले. चित्रपटात त्याचा मागमूस नाही. मूळ पुस्तकात नेमो सिंहलद्वीपाजवळ एका गरीब मोती काढणाऱ्याला शार्कपासून सोडवितो, आणि त्याच झटापटीत नेमोला वाचवितो तो नेड. हा प्रसंगही चित्रपटात नाही. पण तिथे स्क्विडच्या विळख्यातून नेमोला सोडविणारा नेडच आहे. ज्याला कैदेत ठेविले, त्यानेच जीव वाचविला! हिशेब करण्याआधी त्याने हात पुढे केला.

चित्रपट मुलांना अवश्य दाखवा. मात्र जहाज बुडाले की त्यांना विचारा, “आत कोण होते?”