शाळेचा बँड आणि आपलें गांव

(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं शाळेच्या पटांगणांत केलेलें भाषण)



शाळेच्या बँडविषयीं चार शब्द सांगावे, अशी आज्ञा उत्सवमंडळानें आम्हांस केली. ती आम्ही शिरसावंद्य मानितों. ह्या शाळेंत शिकून गेलेल्या आम्हां सर्वांच्या वतीनें हे बोल आहेत, असें आपण समजावें.

वसईच्या पट्टींतील आपलें गांव तें केवढें! केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, चार बावखलें, देवळाचा मनोरा आणि त्याच्या सावलींत ही शाळा. परंतु ह्या लहानशा गांवाला स्वतःचा असा एक आवाज आहे, आणि तो बँडचा होय. लग्नघरांतून उंबराचें पाणी आणण्यास स्त्रिया विहिरीकडे निघाल्या कीं पुढें बँड. सणाच्या दिवशीं पवित्र मूर्तीची मिरवणूक निघाली कीं पुढें बँड. आणि एखाद्या वृद्धास अखेरच्या विसाव्याकडे नेतांना मंद पावलांनीं चालणाराही तोच बँड. वाद्यें तींच, वाजविणारे हातही तेच. बागेंत पाणी सोडणारा मनुष्य क्षणभर थांबून कान देतो आणि आज गांवांत आनंद आहे कीं दुःख, हें त्यास निरोपावांचून कळतें.

हीं पितळी वाद्यें आपल्यासारख्या कष्टकरी लोकांच्या हातीं आलीं, तीं एका साध्या युक्तीमुळें. तोंडाशीं धरलेल्या नळीतून ओठांच्या ताणानें कांहीं ठराविक स्वरच निघतात. इ. स. १८१५ च्या सुमारास जर्मनींत ह्या नळीला दट्ट्ये बसविण्याची कल्पना निघाली, आणि १८४० नंतरच्या दशकांत अडोल्फ साक्स ह्या बेल्जियमच्या कारागिरानें लहानमोठ्या वाद्यांचें जणूं एक कुटुंबच निर्माण केलें. दट्ट्ये तीन: मधला दाबला कीं सूर अर्ध्या स्वरानें उतरतो, पहिला दाबला कीं एका स्वरानें, तिसरा दाबला कीं दीड स्वरानें. बोटांची ही रीत कॉर्नेटपासून युफोनियमपर्यंत सारखीच असल्यामुळें एक वाद्य शिकलेला मुलगा अडचणीच्या वेळीं दुसरें हातीं घेऊं शकतो. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील खाणींच्या व गिरण्यांच्या गांवांतून मजुरांचे बँड उभे राहिले, त्याचें एक कारण हेंच.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेनेंही बँडला त्याची जागा नेमून दिली आहे. इ. स. १९०३ मध्यें पोप दहावे पायस ह्यांनीं पवित्र संगीताविषयीं आदेश काढिला. त्यांत देवळाच्या आंत बँड वाजविण्यास सक्त मनाई केली. बाहेरच्या मिरवणुकींत मात्र, ऐहिक गीतें न वाजविण्याच्या अटीवर, बिशपांच्या अनुमतीनें तो असावा, अशी मोकळीक ठेविली. पुढें १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ऑर्गनचें मानाचें स्थान कायम राखून, उपासनेस साजतील अशा इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें वाट करून दिली. वाद्य हें उपासनेचें सेवक आहे, धनी नव्हे, हा दोहोंचा आशय. वेदीपाशीं लाभलेला आनंद उंबरठ्याबाहेर, वाड्यावाड्यांतून पोंचविणें, हें बँडचें काम आम्ही समजतों.

बँडच्या खोलींत मूल वाजविण्याच्या आधीं थांबावयास शिकतें. आपली पाळी येईपर्यंत मनांत मात्रा मोजीत त्यास उगी राहावें लागतें. मोठा ड्रम वाजविणाऱ्याच्या वाट्यास गाण्याची एकही ओळ येत नाहीं. पण तो चुकला तर साऱ्या मिरवणुकीचीं पावलें चुकतात. बागाइतदाराचा मुलगा आणि त्याच बागेंत मजुरीस येणाऱ्याचा मुलगा येथें एकाच कागदावरून वाजवितात. गांवांत एकत्र नांदण्याचें शिक्षण याहून निराळें तें काय?

अशा शिक्षणाचें फळ किती दूरवर जातें, ह्याचें उदाहरण गोमंतकांत आहे. तेथील धर्मग्रामशाळांतून 'मेस्त' मुलांना स्वरलिपि, गायन व व्हायोलिन शिकवीत. माजोर्डें येथील देवळांत गायकवृंद चालविणाऱ्या पित्याचे पुत्र अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) मुंबईस येऊन चित्रपटसंगीतांत नामांकित झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यासह संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) ह्या चित्रपटाच्या एका गीतांत गुरूंचें नांवच गुंफलें गेलें. तें नांव देशभर गाजलें. त्याच्या मुळाशीं एका लहान गांवचें देऊळ आहे, हें थोड्यांसच ठाऊक.

बंधुभगिनींनो, आतां मनांतील चिंता सांगतों. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली; बागांच्या जागीं इमारती उठत आहेत. लग्नांत ध्वनिक्षेपकावरील तयार संगीत स्वस्त पडतें. मुलांची संध्याकाळ शिकवणींत जाते. शाळेच्या कपाटांत कॉर्नेटें आहेत, पण दट्ट्ये गंजून अडकले आहेत. भाड्याचा बँड पैसे देऊन मिळेल. परंतु तो आपल्या मृतास नांवानें ओळखणार नाहीं, आणि नवरीला लहानपणीं शाळेंत पाहिलेलेंही त्यांत कोणी नसेल.

म्हणून आमची विनंति एवढीच: महोत्सवाची रोषणाई थोडी कमी झाली तरी चालेल, पण जमलेल्या निधीचा एक भाग वाद्यांच्या दुरुस्तीस व एका शिक्षकाच्या वेतनास द्यावा. प्रत्येक वाडीनें निदान दोन मुलें, मुलगे तसेच मुलीही, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं शाळेंत धाडावीं. नोकरीनिमित्त मुंबईंत व परदेशीं राहणाऱ्या आपल्या बांधवांनीं एकेका वाद्याचा भार उचलावा. गांवावरील प्रेम दुरूनही करतां येतें. मात्र गांव वाजतें राहावें, ह्यासाठीं येथें कोणी तरी फुंकणारें हवें.

संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिचा सण २२ नोव्हेंबरला येतो. त्या दिवशीं आपल्या मुलांचा बँड ह्याच पटांगणांतून पुन्हां निघो, अशी परमेश्वरचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.