बर्फाचा उतार निवडताना



आपल्या गटांतल्या घरांमधून मुलं-मुली आता हिमालयात जाऊ लागली आहेत. कुणी कॉलेजच्या गटाबरोबर जातं, कुणी गडकिल्ले फिरता फिरता तिकडे वळतं. एक दिवस मुलगी घरी येऊन म्हणते, "आई, मी बर्फात स्की करायला जाते." अशा वेळी आपल्या तोंडून दोनच वाक्यं निघतात. एक, "काही नको जायला." आणि दुसरं, "जपून जा गं." पहिल्या वाक्यानं मुलगी हिरमुसते आणि दुसऱ्या वाक्यानं तिच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आज आम्ही तिसरं वाक्य सांगणार आहोत. तिला विचारा, "कुठल्या उतारावर जाणार आहेस?"

आधी स्की म्हणजे काय ते पाहू. पायातल्या जाड बुटांना दोन लांब, अरुंद फळ्या अडकवायच्या आणि हातात दोन काठ्या घेऊन बर्फावरून घसरत जायचं. काही ठिकाणी माणसाला पाळण्यानं वर नेतात आणि राखलेल्या उतारावरून खाली घसरू देतात. तिथं देखरेख असते. पण दुसरा एक प्रकार आहे, त्याला स्की टूरिंग म्हणतात. यात पाळणा नसतो. फळीच्या खाली केसाळ पट्टी चिकटवतात. मांजराच्या पाठीवरून हात फिरवला की एका बाजूनं मऊ लागतं आणि उलटा फिरवला की केस उभे राहतात, तशीच ही पट्टी. पुढं सरकते, पण मागं घसरू देत नाही. अशानं आपल्याच पायांनी डोंगर चढायचा, पट्टी काढायची आणि मोकळ्या बर्फावरून खाली यायचं. हा आनंद मोठा आहे, यात शंका नाही. पण तिथं बर्फ राखणारं कुणी नसतं आणि धोका असतो तो बर्फाच्या दरडीचा. पुस्तकात तिला हिमस्खलन म्हणतात.

दरड म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर आला, तो दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. मातीची दरड पाण्यानं सुटते. बर्फाची दरड सुटते ती थरांमुळे. हिवाळाभर बर्फ एकावर एक थर करून साठत जातो. कधी खालचा थर रवाळ साखरेसारखा सुटा राहतो आणि त्यावर वाऱ्यानं घट्ट दाबलेला जाड थर बसतो. साखर पसरलेल्या कलत्या फळीवर जड पाट ठेवला तर काय होईल? जरा धक्का लागला की सगळा पाट सरकतो. डोंगरावर तो धक्का बहुतेक वेळा माणसाच्या वजनाचाच असतो. दरडीत सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या पावलानं सुटलेली असते. म्हणजे ही नुसती नशिबाची गोष्ट नाही. पाऊल कुठं टाकायचं हे आपल्या हातात आहे.

आता पहिला प्रश्न. उतार किती आहे?

बर्फाच्या अशा दरडी बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. 30 अंशांपेक्षा कमी उतारावर त्या क्वचितच सुटतात. नवख्या माणसासाठी सगळ्यात मोठा आधार हाच आहे. अंश म्हटलं की घाबरू नका. घरचा जिना आठवा. पायरी सहा इंच उंच आणि पाय ठेवायची जागा बारा इंच रुंद असेल, तर तो जिना साधारण 27 अंशांचा होतो. यापेक्षा अंगावर येणारा, धाप लावणारा जिना 30 च्या पुढं गेलेला असतो. थोडक्यात हिशेब असा: दोन हात पुढं गेल्यावर एक हात चढ, इथवर ठीक. डोंगरावर हे काठीनं मोजता येतं. काठी आडवी धरून तिचं एक टोक चढाच्या बाजूला बर्फाला टेकवायचं. दुसऱ्या टोकापासून सरळ खाली बर्फ अर्ध्या काठीच्या आत लागला, तर उतार सौम्य आहे. पूर्ण काठीएवढ्या खोलीवर लागला, तर तो 45 अंशांचा झाला. तिथं नवख्या माणसाचं काम नाही. घरून निघण्यापूर्वी उताराचे रंग दाखवणारे नकाशे मोबाइलवरही पाहता येतात.

दुसरा प्रश्न. वर काय आहे?

इथं पुष्कळ लोक फसतात. आपण उभे असतो सपाट जागी, पण डोक्यावर उभा उतार बर्फानं लादलेला असतो. दरड तिथं सुटते आणि खाली सपाटीवर लांबपर्यंत येते. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नथुला या रस्त्यावर दरड आली आणि सात पर्यटक गेले. ती माणसं स्की करणारी नव्हती, बर्फ बघायला गेलेली होती. म्हणून आपला उतार मोजून झाला, तरी मान वर करून पाहायचं. वरचा उतार तीव्र असेल तर त्याच्याखाली थांबायचं नाही, डबा खायला बसायचं नाही, फोटो काढत रेंगाळायचं नाही.

तिसरा प्रश्न. खाली काय आहे?

उताराच्या तळाशी घळ किंवा नाला असेल, तर लहानशी दरडही तिथं जमा होऊन माणसाला खोल गाडते. तळाशी कडा असेल तर ती ढकलून देते. उतार खाली हळूहळू मोकळ्या मैदानात मिसळत असेल, तर ती जागा बरी. झाडांचंही तसंच. दाट, जुनं जंगल बर्फाला धरून ठेवतं. पण चार झाडं इथं, चार तिथं असतील तर त्यांच्यावर विसंबू नये. आणि जंगलाच्या मधोमध झाडं नसलेला उभा पट्टा दिसला, तर तो दरडीनंच साफ केलेला रस्ता असू शकतो.

चौथा प्रश्न. आजचा बर्फ कसा आहे?

गेल्या एक-दोन दिवसांत खूप बर्फ पडला आहे का? जोराचा वारा होता का? वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला लादतो. ऊन एकाएकी तापलंय का? जवळच्या उतारावर ताजी दरड दिसते का? पायाखाली धप्प असा दबका आवाज झाला किंवा बर्फाला चीर पळत गेली, तर डोंगरानं स्वतःच सांगितलं असं समजायचं आणि मागं फिरायचं. आपल्या देशात चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड या भागांसाठी दरडीच्या धोक्याच्या सूचना देते. धोका एक ते पाच अशा आकड्यांत मोजतात. एक म्हणजे सगळ्यात कमी. नवख्यांनी एकचा दिवस निवडावा. दोन असेल तर जाणत्या माणसाबरोबर सौम्य उतारावरच जावं. तीन हा आकडा मधला दिसतो, म्हणून तो चालेल असं वाटतं. तसं नाही. युरोपातल्या आल्प्स पर्वतातला अनुभव असा, की बरेच जीव तीन आकड्याच्या दिवशीच जातात, कारण लोक त्या दिवशी घरी थांबत नाहीत.

आता नावं घेऊन पाहू. काश्मीरमधलं गुलमर्ग सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं पाळण्यानं अफरवट डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटर उंचीपर्यंत जाता येतं. वर राखलेल्या पट्ट्याच्या बाहेर उभे, मोकळे उतार आहेत. 1 फेब्रुवारी 2023 रोजी तिथं दरडीत पोलंडचे दोन स्कीवाले मरण पावले. त्याच गुलमर्गमध्ये खाली, गावाजवळ, सौम्य कुरणं आहेत आणि तिथं लहान मुलंही शिकतात. उत्तराखंडात जोशीमठच्या वर औली आहे. औलीवरून ओक-देवदारांच्या जंगलातून गोरसों नावाच्या मोठ्या कुरणाकडं वाट जाते. तिकडच्या भाषेत अशा कुरणाला बुग्याल म्हणतात. नवख्यानं अशी रुंद, लाटांसारखी कुरणं शोधावीत. म्हणून नुसतं गावाचं नाव ऐकून "तिथं भीती आहे" किंवा "तिथं काही होत नाही" असं ठरवू नये. एकाच गावात दोन्ही तऱ्हेचे उतार असतात. आणि सौम्य कुरणावर जातानाही त्या दिवसाची सूचना पाहायचीच.

पाचवा प्रश्न. सोबत कोण आणि सामान काय?

पहिल्या खेपेला तिथला जाणता वाटाड्या हवाच. त्याच्या आधी राखलेल्या उतारावर घसरायला, थांबायला आणि वळायला शिकलेलं असावं. गुलमर्ग, औली आणि मनालीला सरकारी संस्थांचे शिकवणीवर्ग चालतात. मोकळ्या डोंगरावर जाताना प्रत्येकाकडं तीन वस्तू हव्यात: अंगावर बांधायचं खुणेचं यंत्र, बर्फात खुपसून शोधायची लांब घडीची सळई आणि फावडं. बर्फाखाली माणूस गाडला गेला, तर पहिली दहा-पंधरा मिनिटं मोलाची. तेवढ्यात बाहेरून मदत पोहोचत नाही, सोबत्यांनीच काढावं लागतं. म्हणून ही यंत्रं वापरायचा सराव आधी झालेला असावा. धोक्याचा पट्टा ओलांडताना एका वेळी एकानंच जायचं, बाकीच्यांनी आडोशाला थांबून लक्ष ठेवायचं.

मैत्रिणींनो, कुणी म्हणेल, आमची पोर काटक आहे, तिला काही होणार नाही. काटकपणाचा मान ठेवूनच एक गोष्ट सांगतो. सविता कंसवाल ही उत्तरकाशी जिल्ह्यातल्या खेड्यातली मुलगी. मे 2022 मध्ये सोळा दिवसांच्या आत ती एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं चढली. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा या डोंगरावर ती शिकणाऱ्यांच्या तुकडीबरोबर होती. तिथं आलेल्या दरडीत 29 जण गेले, त्यांत सविताही गेली. तिच्याइतकी तयारी आपल्यात किती जणांची असेल? दरड माणसाची हुशारी पाहत नाही. म्हणून नवख्यानं आपल्या हुशारीवर भिस्त ठेवू नये, उताराच्या निवडीवर ठेवावी.

शेवटचा प्रश्न पैशांचा आहे आणि तो आपल्या गटांना चांगला कळेल. माणसं धोका दिसत असूनही पुढं का जातात? पैसे भरलेले असतात, रजा संपत आलेली असते, बाकीचे पुढं निघालेले असतात आणि "मला भीती वाटते" म्हणायची लाज वाटते. म्हणून पैसे भरण्याआधीच सहल नेणाऱ्याला विचारा: हवा बिघडली तर दुसरी सौम्य वाट ठरली आहे का? एक दिवस राखीव ठेवला आहे का? रद्द झालं तर किती पैसे परत मिळतील? आणि गटातल्या एकानं जरी "मागं फिरू" म्हटलं, तर सगळे फिरतील का? आपण कर्ज देताना चार प्रश्न विचारतो, त्यात कुणाचा अपमान नसतो. इथंही नाही. प्रश्नांना नीट उत्तरं देणारा माणूस भला. "काही होत नाही हो ताई" म्हणून हसणारा असेल, तर आपले पैसे आपल्याच पदराला बांधलेले बरे.

आणि घरातून निघताना मुलीच्या कानात एक गोष्ट जरूर घाला. शिखर न गाठता परत आलीस तरी आम्ही तुला "मग गेलीस कशाला" असं विचारणार नाही. हे एक वाक्य आईनं, सासूनं, गटानं आधी बोलून ठेवलं, तर मागं फिरताना तिचं पाऊल अडखळणार नाही.

हे सहा प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्यांच्या घरातलं कुणी हिमालयात जाणार आहे, त्यांना ती वही द्या.